पगाराची दोन मापे

पेढीवरचा कारकून दुपारी वही मिटून मोबाइल उघडतो, तेव्हा त्याला हल्ली केवळ बाजारभाव दिसत नाहीत, स्वतःचा भावही दिसतो. ग्लासडोअर ही अमेरिकी सेवा २००८ साली सुरू झाली. आपल्याकडे अँबिशनबॉक्स आणि तिच्यासारख्या इतर सेवा तरुणांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. पदाचे नाव, शहर आणि अनुभवाची वर्षे एवढे भरले की त्या कामाला इतरत्र काय मिळते याचा आकडा समोर येतो. आपल्या व्यापारी कुटुंबांतून त्यामुळे एक नवी तक्रार ऐकू येऊ लागली आहे. सहा वर्षे घरच्यासारखा वागवलेला मुलगा एके दिवशी मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, “शेठजी, या कामाला बाहेर एवढे देतात.” शेठजींना राग येतो. त्यांना आकड्यापेक्षाही आकडा दाखवला गेल्याचे जास्त लागलेले असते.

हा राग तपासून पाहण्यासारखा आहे. सकाळी आंघोळ-देवदर्शन आटोपून आपण पहिले काम कोणते करतो? सोन्याचा भाव पाहतो, तुरीचा पाहतो, कापसाचा, तेलाचा, समभागांचा पाहतो. भाव न पाहता माल देणाऱ्या व्यापाऱ्याला आपण भोळा म्हणतो आणि भाव पाहून घासाघीस करणाऱ्या शेतकऱ्याला हुशार म्हणतो. मग आपले श्रम विकणाऱ्या माणसाने त्या श्रमांचा भाव पाहिला तर तो कृतघ्न कसा ठरतो? आजवर ही एकच जिनसा अशी होती की जिचा भाव घेणाऱ्याला ठाऊक असे आणि देणाऱ्याला नसे. दहा दुकानांत काय पगार चालतो हे मालकाला संध्याकाळच्या बैठकीत कळे. नोकराला मात्र शेजारच्या दुकानातल्या नोकराचा पगारही नीट कळत नसे, कारण ‘पगार कोणाला सांगू नये’ ही शिकवण आपणच त्याला दिलेली असे.

गंमत अशी की त्याच बाजारात दुसरी रीत शेजारीच नांदते. बाजार समितीच्या आवारात हमालीचे आणि तोलाईचे दर ठरलेले असतात. व्यापाऱ्यांची संघटना आणि हमालांची संघटना समोरासमोर बसून ते ठरवतात आणि पोत्यामागे किती, हे आवारातल्या प्रत्येकाला माहीत असते. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली स्वतंत्र कायदा केला. तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांना बाजार बुडणार असे वाटले होते. बाजार बुडाला नाही. पोते उचलणाऱ्याचा दर असा उघड, आणि त्या पोत्याचा हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजीचा दर मात्र गुप्त, ही विसंगती आपल्या अंगवळणी पडली आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे: घेताना मोठे माप, देताना लहान माप. पाठशाळेत आपण तो पाठ करतो आणि तराजू-काट्याशी जोडून मोकळे होतो. आज काटे इलेक्ट्रॉनिक आहेत, त्यांच्यावर शासनाचा शिक्का आहे. तिथे हा अतिचार घडण्याची संधी कमी झाली आहे. परंतु श्रम मोजण्याचे काटे अजून आपल्याच हातात आहेत. माल घेताना बाजारभाव आणि मनुष्याचे श्रम घेताना ‘आपल्याकडची रीत’, ही दोन मापे नव्हेत तर काय?

एवढे म्हटल्यावर मोबाइलवरच्या आकड्याचीही परीक्षा केली पाहिजे, कारण तोही निर्दोष नाही. हे आकडे बहुधा लोकांनी स्वतः भरलेले असतात. भरणारे प्रामुख्याने शहरातले, संगणकावर काम करणारे, मोठ्या कंपन्यांतले. ज्याला पगारवाढ मिळाली तो उत्साहाने भरतो, दुखावलेला रागाने भरतो, मधला गप्प असतो. आपल्या तालुक्याच्या गावातील कापड दुकानाचा विक्रेता, किराणा पेढीचा मुनीम, सराफी दुकानातला कारागीर यांची नोंद तिथे क्वचितच सापडते. म्हणून पुण्याच्या ‘अकाउंटंट’चा आकडा बार्शीच्या दिवाणजीला तसाच लावणे योग्य नाही.

सरासरीचा फसवेपणा तर आपल्याला व्यापारातून माहीतच आहे. समजा, एका गावातल्या पाच लेखनिकांचे मासिक पगार १४, १५, १६, १८ आणि ६० हजार आहेत. शेवटचा एका मोठ्या कारखान्याचा प्रमुख आहे. सरासरी येते २४,६००. पण पाचांपैकी चौघांना त्याहून बरेच कमी मिळते. पगार चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला तर १६ हजार येतो आणि खरे चित्र त्यातच दिसते. चांगल्या सेवा हा मधला आकडा, म्हणजे मध्यक, देतात आणि किती जणांच्या माहितीवरून तो काढला हेही सांगतात. मालकाने आणि नोकराने, दोघांनीही तोच पाहावा.

दुसरा घोटाळा ‘सीटीसी’ या तीन अक्षरांचा. कंपनीला त्या माणसामागे वर्षभरात येणारा एकूण खर्च म्हणजे सीटीसी. हातात पडणारा पगार नव्हे. महिना ३०,००० सीटीसी असे लिहिलेले असेल, त्यात मूळ पगार १५,००० असेल, तर मालकाच्या वाट्याचे भविष्यनिर्वाह निधीचे १,८०० आणि ग्रॅच्युइटीपोटी सुमारे ७२० त्यातच धरलेले असतात. कामगिरीवर अवलंबून असलेले ३,००० बाजूला ठेवले की राहतात २४,४८०. त्यातून कामगाराच्या वाट्याचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की हातात येतात २२,४८०. आपल्या पेढीवर रोख १८,००० घेणारा मुलगा ३० हजारांचा आकडा पाहून अस्वस्थ होतो. खरे अंतर १२ हजारांचे नसून साडेचार हजारांचे असते. हे त्याला शांतपणे कागदावर मांडून दाखवावे. बऱ्याच मालकांना हा हिशेब फार आवडतो.

पण हिशेब इथे संपत नाही, आणि पुढचा भाग मालकाला तितकासा आवडत नाही. त्या ३० हजारवाल्याचे काम दिवसाला ८ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २०८ तास. आपले दुकान सकाळी साडेनऊला उघडते आणि रात्री साडेनऊला बंद होते. जेवणाचा एक तास वजा केला तरी ११ तास, महिन्याचे २८६. तासाचा दर काढला तर तिकडे १०८ रुपये पडतो आणि आपल्याकडे ६३. दिवाळीला दिलेला एक पगार वर्षभरात वाटून मिळवला तरी तो ६८ च्या वर जात नाही. शिवाय तिकडे निधीत दोघांचे मिळून महिना ३,६०० जमा होत आहेत आणि इकडे म्हातारपणासाठी काहीही नाही. साडेचार हजारांचे अंतर तासांत मोजले की असे उलगडते. आठवड्याला ४८ तास ही मर्यादा कायद्याने घातली आहे ती उगीच नव्हे.

तासांविषयी आणखी एक गोष्ट मनात सलते. आपल्या अनेक घरांत चौविहार कसोशीने पाळला जातो. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून शेठजी साडेपाचला गादीवरून उठतात, घरी जातात, जेवतात, कधी प्रतिक्रमणाला बसतात. ही व्रतनिष्ठा आदरणीय आहे. परंतु दुकान मात्र साडेनऊपर्यंत चालते आणि ते ज्याच्या भरवशावर चालते तो मुलगा दहा वाजता घरी पोचून गार भाकरी खातो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवावेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे केवळ बैलांसाठी आहेत असा समज रूढ झाला आहे. पण प्राचीन टीकाकारांनी द्विपद आणि चतुष्पद अशा दोहोंचा विचार केला आहे. माणसाला जे ओझे स्वतः उचलता आणि स्वतः उतरवता येईल तेवढेच त्याच्याकडून वाहून घ्यावे आणि आश्रितांना जेवू घालून मग आपण जेवावे, अशा अर्थाचे विवेचन त्यांनी केले आहे. हे आचार्य दुकानदारीच्या काळातले नव्हते असे कोणी म्हणू नये. त्यांचे श्रोते व्यापारीच होते.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. या नव्या आकड्यांनी सर्वांत अधिक दुखावला जातो तो तरुण नव्हे. तो पटकन दुसरी नोकरी पाहतो. दुखावला जातो तो वीस वर्षांचा जुना माणूस. नवा पोरगा ठेवताना आपल्याला बाजारभाव द्यावाच लागतो, नाहीतर तो येतच नाही. जुन्याला मात्र दर पाडव्याला पाचशे-हजार वाढवून आपण समाधान मानतो, कारण तो मागत नाही. असे करता करता एक दिवस काल आलेल्या मुलाचा पगार आणि तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या दिवाणजीचा पगार जवळजवळ सारखा होतो. कधी उलटाही होतो. वडिलांच्या आजारपणात ज्याने पेढी सांभाळली, जीएसटी आल्यावर पन्नाशीत ज्याने संगणक शिकून घेतला, त्याला त्याचा मुलगा मोबाइलवर आकडा दाखवतो, “बाबा, तुमच्या कामाला एवढे मिळते.” तो दिवाणजी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामावर येतो. काही बोलत नाही. त्याचे न बोलणे ही आपल्या पेढीची पुण्याई आहे असे आपण समजतो. माझ्या मते ती थकबाकी आहे, आणि उधारी वसूल करण्यात पटाईत असलेल्या आपल्या समाजाला देणे कशाला म्हणतात हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

यावर एक उत्तर हमखास येते: “आम्ही पगार थोडा कमी देत असू, पण त्याच्या मुलीच्या लग्नात मदत केली, शाळेची फी भरली, शस्त्रक्रियेचा खर्च उचलला.” हे खरे असते आणि पुष्कळ घरांत ते मनापासून केलेले असते. कोणत्याही कंपनीचा मनुष्यबळ विभाग रात्री दोन वाजता रुग्णालयात धावून येणार नाही; आपले शेठ येतात. याचे मोल मी कमी करत नाही. परंतु दान आणि वेतन यांची खाती वेगळी आहेत. आपल्याच वह्यांत आपण कधी धर्मादायाची रक्कम खरेदीत टाकत नाही. लग्नाची मदत ही शेठजींच्या मर्जीवर असते. पगार मर्जीवर नसतो. आणि ज्याला पुरेसा पगार मिळतो त्याला मुलीच्या फीसाठी हात जोडून उभे राहावे लागत नाही, हाही फरक आहे.

‘उचल’ या प्रकाराबद्दल तर अधिक स्पष्ट लिहायला हवे. पगार अपुरा, म्हणून उचल. उचल फेडायची, म्हणून नोकरी सोडता येत नाही. नोकरी सोडता येत नाही, म्हणून पगार वाढत नाही. हे चक्र आपल्या गावोगावच्या दुकानांत फिरते आहे. पाच अतिचारांतला पहिला ‘बंध’. दावे दोरीचेच असते असे नाही.

पगाराची तुलना ही मोबाइलने आणलेली कल्पना नाही आणि आपल्या समाजाला तर ती मुळीच नवी नाही. १९१८ साली अहमदाबादच्या गिरण्यांत जो संघर्ष झाला त्यात गिरणीमालकांचे नेते होते अंबालाल साराभाई, एका प्रतिष्ठित जैन घराण्यातले. आणि कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्या सख्ख्या थोरल्या भगिनी अनसूयाबेन. प्लेगच्या साथीत कामगार गाव सोडून जाऊ नयेत म्हणून मालकांनी जो भरघोस बोनस दिला होता तो साथ ओसरल्यावर बंद करण्यात आला. युद्धाच्या महागाईने कामगार गांजले होते. त्यांची मागणी ५० टक्के वाढीची होती, मालक २० टक्क्यांवर अडून होते. गांधीजींनी मागणी उचलण्यापूर्वी चौकशी केली: महागाई किती वाढली, मुंबईच्या गिरण्यांत त्याच कामाला काय मिळते, मालकांना काय परवडेल. त्यातून ३५ टक्के हा आकडा निघाला आणि कामगारांना त्यांनी ५० वरून ३५ वर आणले. टाळेबंदी, संप, मार्चमधला तीन दिवसांचा उपवास आणि मग तडजोड. ती तडजोड व्यापारी मनाला मोठी रंजक वाटेल: पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली, दुसऱ्या दिवशी २० टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला, तिसऱ्या दिवसापासून पंचाचा निर्णय येईपर्यंत साडेसत्तावीस. पंच आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे ३५ टक्केच योग्य ठरवले. भाऊ-बहिणीचे नाते या सगळ्यात तुटले नाही. मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती चौकशीची पायरी. दोन्ही बाजूंच्या हट्टाला बाहेरून आणलेल्या आकड्याने वेसण घातली. आज तेच काम, पुष्कळ ओबडधोबडपणे, तो मोबाइल करू पाहतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली नेमलेल्या समितीने किमान वेतन, न्याय्य वेतन आणि निर्वाह वेतन अशा तीन पायऱ्या मानल्या. किमान वेतन म्हणजे ज्याखाली जाताच येत नाही ते. न्याय्य वेतन त्याच्या वर, उद्योगाची ऐपत आणि प्रचलित दर पाहून ठरायचे. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशेब मांडला: कमावत्याच्या मागे तीन माणसांएवढा आहार, प्रत्येकी २,७०० उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्न यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत असे सांगितले. म्हणजे ज्या मुलीच्या लग्नाची मदत आपण उपकार म्हणून नोंदवतो, तिचा काही अंश न्यायालयाने किमान वेतनातच धरला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क सर्वच रोजगारांपर्यंत नेला आहे. महाराष्ट्रात विशेष भत्त्याचे दर वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत बदलतात. ते आपल्या कर सल्लागाराकडून विचारून घ्यावेत. मात्र किमान वेतन दिले की न्याय्य वेतन दिले असे होत नाही. तो तळ आहे, छत नव्हे.

घाऊक धान्याच्या व्यापारात दोन-तीन टक्क्यांवर पेढ्या चालतात. ऑनलाइन विक्रीने कापड आणि स्टेशनरीच्या दुकानांचे कंबरडे मोडले आहे. “द्यायचे कुठून?” हा प्रश्न बहाणा नसतो, हे मी जाणतो. अशा वेळी निदान तास कमी करता येतात. सातला दुकान बंद केल्याने किती विक्री बुडते याचा हिशेब महिनाभर लिहून पाहावा; शेवटच्या दोन तासांत विजेचे बिलही निघत नाही अशी पुष्कळ दुकाने आहेत. साप्ताहिक सुटी पूर्ण द्यावी. वाढ मागितल्यावर न देता ठरलेल्या तिथीला, पाडव्याला म्हणा, स्वतःहून द्यावी आणि जुन्या माणसांची आधी द्यावी. साडीच्या दालनात त्याच घड्या घालणाऱ्या मुलीला मुलापेक्षा कमी देण्याची चाल १९७६ पासून बेकायदा आहे. तीही एकदा तपासावी.

आणि नवा माणूस ठेवताना “आधी किती मिळत होते?” हा प्रश्न विचारू नये. पूर्वीच्या मालकाने केलेली चूक त्यावर हजार रुपये चढवून पुढे चालवण्याचा तो मार्ग आहे. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशात हा प्रश्न विचारायलाच मनाई केली आणि उमेदवाराला पगाराची मर्यादा आधीच सांगणे बंधनकारक केले. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण कामाचे मोल आधी ठरवून मग माणूस शोधण्यास कोणाची हरकत असणार?

हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मार्गानुसारीचे पस्तीस गुण सांगताना पहिला क्रमांक न्यायाने मिळवलेल्या वैभवाला दिला. दानाला नव्हे, तपाला नव्हे. यावर व्याख्याने पुष्कळ होतात आणि ती आपल्याच उपाश्रयांत, आपल्याच सभामंडपांत होतात. तेव्हा त्या वास्तूंविषयीही लिहिणे भाग आहे. पहाटे चारला उठून प्रक्षाळाची तयारी करणारा पुजारी, आयंबिलाच्या दिवसांत शेकडो ताटे वाढणारे भोजनशाळेतले आचारी, पाठशाळेतल्या शिक्षिका, वसतिगृहाचे अधीक्षक, धर्मशाळेचा रखवालदार यांचे पगार कोण ठरवते? विश्वस्त मंडळ ठरवते, म्हणजे आपणच. पर्युषणात एका बोलीला लाखाचा आकडा सहज पुढे जातो आणि टाळ्या पडतात. त्याच मंदिराच्या पुजाऱ्याची पाचशे रुपयांची वाढ बैठकीत तीनदा पुढे ढकलली जाते, “देवद्रव्याचा प्रश्न आहे” असे म्हणून. देवद्रव्याची मर्यादा खरी आहे आणि ती पाळलीच पाहिजे. पण साधारण खात्यात किंवा स्वतंत्र सेवक निधीत बोली लावण्यास शास्त्राने कोणाला अडवलेले नाही. असा सेवक निधी प्रत्येक संघाने उभारावा, त्यातून या सर्वांचा भविष्यनिर्वाह निधी आणि आरोग्यविमा भरावा, अशी माझी स्पष्ट सूचना आहे.

संस्थांच्या वार्षिक अहवालात देणगीदारांची नावे रकमांसह पानोपानी असतात. ‘कर्मचारी पगार’ ही बाब मात्र खर्चाच्या पत्रकात एका ओळीत, एका रकमेत उरकलेली असते. किती माणसे, किती तास, प्रत्येकी किती, काही कळत नाही. येत्या वार्षिक सभेला जाताना अहवालाची प्रत आधी मागवून घ्यावी, त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि तिची फोड सभेत विचारावी. विश्वस्तांना ती देता आली पाहिजे.